न शिकवलेलं पान

माझ्या बाळांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तुम्हाला रिकामं होत चाललेलं घर दाखवत होते, तेव्हा पलंगाखालची हिरवी ट्रंक दिसली. आमची कोथरूडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला चालली आहे. पुढच्या महिन्यात मला भाड्याच्या दोन खोल्यांत जायचं आहे आणि काय न्यायचं, काय टाकायचं याची यादी रोज होते आहे. धाकट्याने विचारलं, "आजी, त्यात काय आहे?" मी म्हटलं, "माझी पीएच.डी." तो म्हणाला, "मग दारावरच्या पाटीवर डॉक्टर का नाही?" मोठी म्हणाली, "आजी, सगळं स्कॅन कर आणि टाकून दे." तुमच्या बाबाने तर कमाल केली. नव्या इमारतीतल्या पाट्यांसाठी बिल्डरने एक फॉर्म दिला आहे. त्यावर नावापुढे 'डॉ.' लिहून टाक म्हणाला, कोण बघायला येतंय.

ते शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी लिहायला बसले. त्या ट्रंकेपायी हे वाक्य मी बऱ्याच जणांच्या तोंडून ऐकलं आहे आणि ते मला कधीच मान्य झालं नाही.

माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, प्रबंधही इंग्रजीतच लिहिला. हे मात्र मुद्दाम मराठीत लिहिते आहे. तुमच्या आईने तिकडे परदेशात तुमचा शनिवारचा मराठीचा तास इतकी वर्षं चालवला आहे. त्या तासात न शिकवलेलं पान तुम्हाला वाचता येतं का, तेही यातून कळेल. असं का म्हणते, ते पुढे येईल.

मी मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, हे तुम्हाला माहीत आहे. पाचवीला इंग्रजी वाचायला शिकवायची माझी एक पद्धत होती. धड्याचं एक पान मी तीनदा मोठ्याने वाचायची, मुलं ओळीवर बोट फिरवत ऐकायची, चौथ्या वेळी ती वाचायची. शिक्षक अडखळू देत नाही, म्हणून मूल घाबरत नाही, असा त्यामागचा विचार. वीस वर्षं मी ती पद्धत वापरली. आमच्या शाळेतली मुलं खडाखडा वाचायची. रस्त्यात पालक थांबून सांगायचे, "बाई, तुमच्यामुळे वाचायला लागला." मला ते खरं वाटायचं. खोटं वाटायचं काही कारणच नव्हतं.

पीएच.डी. करायची होती ती तुमच्या बाबाच्या जन्माआधीपासून. तेव्हा नाव नोंदवलं होतं, आणि मग घर, सासूबाईंचं आजारपण, नोकरी यात ते राहून गेलं. निवृत्तीला चार वर्षं उरली तेव्हा मी पुन्हा नाव नोंदवलं. या वेळी सुटलं तर कायमचंच सुटणार, हे मला माहीत होतं. विषय शोधायला लागलाच नाही. माझ्या वाचनपद्धतीची परिणामकारकता तपासायची, एवढं ठरलेलं होतं.

ग्रंथालयात आधीचे प्रबंध चाळले. अमुक कार्यक्रमाची परिणामकारकता, तमुक तंत्राची परिणामकारकता. कपाटंच्या कपाटं. आणि सगळे कार्यक्रम परिणामकारक. एकही फसलेला नाही. एवढं सगळं परिणामकारक असतं तर आपल्या मुलांना आत्तापर्यंत उडताही आलं असतं. हे मी तुमच्या आजोबांना सांगितलं तेव्हा ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "तुझा कुठे फसणार आहे?" मीही हसले, कारण मलाही तसंच वाटत होतं.

माझे गाईड माझ्याहून बारा वर्षांनी लहान होते. वागायला नम्र, कामाला चोख. त्यांच्या सल्ल्याने आराखडा ठरला. कात्रजच्या बाजूच्या, एकसारख्या परिस्थितीतल्या दोन साध्या मराठी शाळा घ्यायच्या. एकीत पाचवीला वर्षभर माझी पद्धत, दुसरीत नेहमीसारखं शिकवणं. जूनमध्ये दोन्हीकडच्या मुलांचं वाचन तपासायचं, फेब्रुवारीत पुन्हा तपासायचं. फरक पडला तर तो पद्धतीमुळे. एकेका मुलाला समोर बसवून वाचून घ्यायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक वर्गातली वीस मुलं चिठ्ठ्या टाकून निवडायची. हुशार, कच्ची, आवडती, नावडती असं काही नाही. जे नाव निघेल ते.

त्या चिठ्ठ्या मी स्वतः केल्या. सगळ्या एकाच मापाच्या, चार घड्यांच्या. कंदी पेढ्यांच्या पत्र्याच्या डब्यात घालून वर्गासमोर काढल्या. प्रत्येक मुलासाठी एक कागद होता. त्यावर किती शब्द वाचले, किती अडले, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. गाईड म्हणाले, "मॅडम, शेरा आकड्यात बसत नाही, त्याचा उपयोग नाही." मी तो ठेवला. मला सगळं लिहून ठेवायची सवय आहे, त्यावरून तुमची आई मला अजून हसते. कोण दोन्ही पाय वर घेऊन बसतं, कोण वाचताना खिडकीकडे बघतं, कोण डाव्या हाताचं बोट फिरवतं, सगळं त्यात गेलं.

वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, आमची सकाळची शाळा सुटली की मी त्या शाळेत जात होते. फेब्रुवारीत शेवटची तपासणी केली. मुख्याध्यापिका बाईंनी मुलांना व्हरांड्यात ओळीने बसवलं होतं. मी नाव पुकारलं की मूल उठून समोर यायचं. सत्तर मुलांच्या त्या वर्गात वर्षभर माझी नजर पुस्तकावर असायची, कोणतं नाव कोणाचं हे मला पाठ नव्हतं. काय वाचली मुलं. मी घरी येताना आजोबांसाठी सुतरफेणी घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नाश्ता झाल्यावर मी टेबलावर जूनचे आणि फेब्रुवारीचे कागद शेजारी शेजारी मांडले. तेराव्या क्रमांकाची मुलगी. जूनचा शेरा, 'डावखुरी, हलक्या आवाजात'. फेब्रुवारीचा शेरा, 'उजव्या हाताचं बोट, आवाज खणखणीत'. आवाज सुधारतो. हात कसा बदलेल? मी बाकीचे कागद पाहिले. जूनमध्ये एका मुलाच्या पुढच्या दाताचा कोपरा तुटलेला होता, फेब्रुवारीत त्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. अशी सहा मुलं निघाली.

सोमवारी मी मुख्याध्यापिका बाईंच्या समोर बसले. त्यांनी काही लपवलं नाही. त्यांच्या दृष्टीने त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच.

"अहो मॅडम, ती सहा पोरं त्या दिवशी आलीच नव्हती. दोन-चार तर महिन्याभरापासून येत नाहीत. मग त्याच वर्गातली दुसरी बसवली, चिठ्ठीत न आलेली, चांगली वाचणारी."

"पण त्यांच्या नावाने?"

"तुम्हीच नावं पुकारत होता. पोरं काय करणार, उठली." त्यांनी माझ्याकडे चहाचा कप सरकवला. "आता तुम्हीच सांगा. तुमच्या घरी पाहुणे आले तर कान तुटलेल्या कपात चहा देता का? चांगलाच कप काढता ना? तुम्ही वर्षभर एवढ्या लांबून येताय आमच्यासाठी. तुमच्यापुढं कच्ची पोरं कशी बसवायची?"

माझ्या हातातल्या कपाला खरोखरच सोनेरी काठ होता. मला राग आला होता, पण तो त्या बाईवर काढता येईना. तिने मला जे दिलं ते मानाने दिलं होतं. दुसऱ्या शाळेत माझा असा पाहुणचार कोणी केला नव्हता, म्हणून तिथले आकडे मात्र स्वच्छ होते. तिथे दोन मुलं गैरहजर होती, ती 'गैरहजर' म्हणूनच लिहिली गेली, आणि चार दिवसांनी आल्यावर मी त्यांचं वाचन घेतलं.

गाईडना मी लगेच फोन केला. ते म्हणाले, "त्या सहा जणांना गळती म्हणून दाखवा, मॅडम. नमुन्यात गळती होतेच. उरलेल्या चौदांवर काम करा. कोणी विचारणार नाही."

ते नियमाला धरून होतं. मोठमोठ्या अभ्यासांतही मुलं गळतात. पण मी हिशेब लावून पाहिला. गळाली ती कोण होती? जूनमध्ये सगळ्यात कमी वाचलेल्यांतली. ती काढून टाकली की माझा वर्ग आपोआप हुशार होत होता, मी काहीही शिकवलेलं नसतं तरी.

तेव्हा त्या सहा जणांना शोधायचं ठरवलं. मुख्याध्यापिका बाईंनीच रजिस्टर उघडून पत्ते काढून दिले. पुढचे दोन आठवडे आजोबा मला स्कूटरवरून हिंडवत होते. ते रस्ते तुम्ही पाहिलेले नाहीत. कात्रजच्या डेअरीच्या मागचे चढ, पुढे नव्या इमारतींच्या मधले खडीचे रस्ते. आजोबा स्कूटर लावायचे, एखाद्या सावलीत पेपर उघडायचे आणि म्हणायचे, "जा, तुझं गिऱ्हाईक शोध." तीन मुलं आठवड्याभरात सापडली. दोघांना शोधायला आणखी चार दिवस लागले. डावखुऱ्या मुलीचं कुटुंब खराडीला गेलं होतं. एका आयटी पार्कशेजारी नवीन इमारत उभी राहत होती, तिथे तिचे आईवडील कामाला होते.

पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. ती मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. मला बघून तिला आनंद झाला की भीती वाटली ते कळलं नाही. तिची आई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "शाळेचं काय राहिलं हाय का हिचं?" मी म्हटलं, "नाही, फक्त एक पान वाचून घ्यायचं आहे." आईने भावाला घेतलं, मुलीने हात फ्रॉकला पुसले आणि ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. मी पुस्तक उघडलं.

तिने एकही चूक न करता वाचलं. माझेच उच्चार, माझेच थांबे. एका शब्दावर मी वर्गात जरा जोर द्यायची, तो जोरसुद्धा. मला वाटलं, पाहा, मिळालं. सहा जणांना शोधत हिंडल्याचं चीज झालं.

मग माझं लक्ष तिच्या बोटाकडे गेलं. तिचा आवाज पानाच्या शेवटी पोचला होता आणि डाव्या हाताचं बोट तिसऱ्या ओळीवर होतं.

मी पुस्तकाची पानं उलटली आणि जो धडा आम्ही वर्गात घेतलाच नव्हता, तो तिच्यासमोर धरला. तिने पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी साधेपणाने म्हणाली, "हे तुम्ही वाचून दाखवलं नाही, बाई."

परत येताना येरवड्याच्या सिग्नलला आजोबांनी विचारलं, "सापडली नाही का?" मी म्हटलं, "सापडली. मीच सापडले."

चूक काय झाली, ते तुम्हाला सांगते, कारण ती तुम्हाला तिकडे शाळेत बसून सुचणार नाही. मी तपासणीचं पान मुलांना शिकवलेल्या धड्यांतूनच घेतलं होतं. आराखडा मंजूर करणाऱ्या कोणालाही त्यात खटकलं नाही, गाईडना नाही, मला तर नाहीच. आपल्याकडे जे शिकवलं त्यावरच परीक्षा घ्यायची रीत आहे. न शिकवलेलं विचारलं की पालक भांडायला येतात, आणि आम्हालाही तो अन्यायच वाटतो. त्या रीतीत मी इतकी मुरलेली होते की वाचता येतं का हे बघायला निघाले आणि पाठ आहे का हे मोजून आले. तीनदा ऐकलेलं पान कोणीही म्हणून दाखवेल.

मार्च महिन्यात मी दोन्ही शाळांतल्या चाळीसही मुलांकडून पुन्हा एक पान वाचून घेतलं. या वेळी न शिकवलेलं. खराडीच्या मुलीसकट सगळ्यांकडून. निकाल मी चार वेळा तपासला, एकदा एका संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडूनही तपासून घेतला. दोन शाळांत काहीच फरक नव्हता. माझ्या पद्धतीने मुलं वाचायला शिकत नव्हती.

मग आमच्या शाळेतली मुलं वीस वर्षं कशी वाचत होती? मी जुन्या पालकांना विचारत सुटले. बहुतेक घरांत एकच उत्तर आलं. संध्याकाळी कुकर लावून आई, नाहीतर काकू, नाहीतर आत्या, पुस्तक घेऊन शेजारी बसायची आणि एकेक अक्षर लावून घ्यायची. माझ्या वर्गाचं श्रेय स्वयंपाकघरांचं होतं. ते मी वीस वर्षं रस्त्यात उभी राहून स्वतः घेत आले होते.

हे सगळं मी प्रबंधात लिहिलं. अदलाबदल झालेली मुलं, ती शोधल्याची हकीकत, तपासणीच्या पानातली माझी चूक, दुसरी तपासणी, आणि निकाल. पाचवं प्रकरण पूर्ण या दुसऱ्या तपासणीचं होतं. गाईडनी ते वाचून दोन दिवसांनी बोलावलं.

"मॅडम, दुसरी चाचणी मंजूर आराखड्यात नाही. ती घेता येत नाही."

"पहिलीने वाचन मोजलंच जात नाही."

"ते आपल्याला माहीत आहे. आराखड्याला माहीत नाही." ते हसले. माणूस वाईट नव्हता. "पाचवं प्रकरण काढा. चौदा मुलांवरचा निकाल ठेवा, त्यात सार्थक फरक येतोय. मर्यादांमध्ये एक ओळ टाकू, की पुढील संशोधकांनी अपरिचित उताराही वापरून पाहावा. सगळ्यांचं समाधान."

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचं?"

"तुमची दोन वर्षं उरली आहेत निवृत्तीला. तुम्हाला पदवी पाहिजे ना?"

पाहिजे होती. खोटं कशाला सांगू? तुमच्या बाबाच्या जन्माआधीपासून पाहिजे होती. मी तो प्रबंध पिशवीत घातला आणि म्हटलं, "जसा आहे तसा समितीपुढे ठेवा."

समितीत तिघे होते. मी एकेक तक्ता दाखवत गेले. सगळं संपल्यावर मधल्या खुर्चीवरचे गृहस्थ चष्मा पुसत म्हणाले, "बाई, यातून सिद्ध काय झालं?"

"माझी पद्धत चालत नाही हे."

"म्हणजे आपलं संशोधन अयशस्वी."

"नाही. पद्धत अयशस्वी. संशोधनामुळेच ते कळलं."

"आपण शिक्षक आहात, वकील नाही," ते म्हणाले. दुसऱ्या दोघांनी मान खाली घालून बिस्किटं घेतली. त्या दोघांतल्या बाई जरा सौम्य आवाजात म्हणाल्या, "अहो, एवढी मेहनत केलीत. एक प्रकरण काढलं तर काय बिघडणार आहे? आपला प्रबंध वाचणार आहे कोण?"

मी म्हटलं, "एखादी शिक्षिका. ती माझ्या पद्धतीने वीस वर्षं शिकवत बसेल."

सुधारणा करून पुन्हा सादर करा, असा शेरा आला. सुधारणा म्हणजे पाचवं प्रकरण काढणं, हे गाईडनी पत्रात स्वच्छ लिहून दिलं. मी उत्तर पाठवलं की प्रकरण राहील. नंतर मुदत वाढवून मिळाली, तेव्हाही तोच शेरा आणि माझं तेच उत्तर. पुढे मुदत संपली, नोंदणी रद्द झाली. सोसायटीतल्या एकीने, जिचा मुलगा पाचवीला माझ्याच वर्गात होता, हळहळत विचारलं, "एवढी वर्षं फुकट गेली म्हणायची?" मी म्हटलं, "माझी नाही. तुमच्या मुलाची पाचवी गेली, पण त्याला तुम्ही वाचवलंत." तिला ते कळलं नाही, आणि मला समजावून सांगायचा कंटाळा आला.

माझी नोकरीतली शेवटची दोन वर्षं मी पान वाचून दाखवणं बंद केलं. मुलं अडखळली, काही रडली, पालक तक्रार घेऊन आले की बाई आता पूर्वीसारखं शिकवत नाहीत. खरंच शिकवत नव्हते. ज्यांच्या घरी शेजारी बसायला कोणी नव्हतं, त्यांच्या शेजारी शाळा सुटल्यावर मी बसत होते. ते बरोबर होतं का, ते मात्र मोजायचं राहिलं. खराडीची ती मुलगी पुढे वाचायला शिकली की नाही, हेही मला माहीत नाही. इमारत उभी राहिली, पत्र्याच्या खोल्या गेल्या, आणि मी पुन्हा गेले तेव्हा तिथे गाड्या लावल्या होत्या. ते मला डाचत राहतं आणि तसंच डाचत राहू दे.

तेव्हा धाकट्या, पाटीवर डॉक्टर नाही, कारण मी डॉक्टर झाले नाही. बिल्डरच्या फॉर्मवर मी फक्त नाव आणि आडनाव लिहून दिलं आहे, तुझ्या बाबाला सांग. आणि मोठे, स्कॅन मी करणार नाही. स्कॅनमध्ये कागद येतील, चिठ्ठ्यांच्या घड्या येणार नाहीत. कोणाला पुन्हा मोजावंसं वाटलं तर मूळ कागद हाताशी पाहिजेत.

ट्रंक माझ्याबरोबर भाड्याच्या घरी येते आहे. तिच्यात चाळीस मुलांचे तीन-तीन कागद आहेत, शेऱ्याच्या रकान्यासकट. अदलाबदल झालेल्या सहा कागदांना वेगळी टाचणी आहे. खाली पाचव्या प्रकरणासकट प्रबंध आहे. पेढ्यांच्या डब्यात चिठ्ठ्या आहेत, तेराव्या क्रमांकाचीसुद्धा.